ग्लुटेनमुक्त मील किट: आधी पुड्या बघा

अमेरिकेत मील किट म्हणजे मोजूनमापून, बर्फाच्या पिशव्यांसह खोक्यातून घरी आलेलं साहित्य, शिजवायचं आपणच. सिलिअ‍ॅक (गहू, बार्ली, राय यांतलं ग्लुटेन न चालणारा आजार) असलेल्यांनी ‘ग्लुटेन-फ्री’ आणि ‘गव्हाविना’ यांत गल्लत करू नये. पहिल्याला तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या (एफडीए) 2013 च्या नियमाची मर्यादा आहे: ग्लुटेन दशलक्ष भागांत 20 पेक्षा कमी. दुसऱ्यात बार्ली किंवा राय खुशाल असू शकते. तिथल्या अ‍ॅलर्जी कायद्यात गहू जाहीर करणं सक्तीचं आहे, बार्ली नाही!

भाजी, मासळी, तांदूळ यांची सहसा चिंता नसते. मेख असते ती चिमुकल्या पुड्यांत. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, ‘माल्ट’ म्हटलं की बहुधा बार्लीच. आपली हिंगाची डबीही निरखून बघा; पूड केलेल्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. किट निर्धोक आणि फोडणीत गहू, असं व्हायला नको.

मागवण्याआधी कंपनीला एवढंच विचारा: पास्ता, ब्रेड आणि तुमचं पाकीट एकाच ठिकाणी भरतात का? उत्तर गुळमुळीत आलं, तर सिलिअ‍ॅक रुग्णांनी ते किट घेऊ नये.