मऊ अंगाचे दिवस

कोकणातल्या खाड्यांत मिळणाऱ्या मोठ्या काळपट-हिरव्या चिंबोरीचं, म्हणजे मालवणातल्या आणि गोव्यातल्या कुर्लीचं, आपल्याकडे कौतुक होतं ते ताटात आल्यावर. ती एवढी वाढली कशी, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर तिच्या चवीइतकीच तिची वाढही नवलाची आहे. तिचा सांगाडा अंगाबाहेर असतो आणि कायटिन व कॅल्शियम कार्बोनेटचं हे कवच एकदा कडक झालं की ताणत नाही. त्यामुळे वाढायचं तर कवच टाकायचं, मऊ अंगाने फुगायचं आणि नवं कवच घट्ट होईपर्यंत जीव मुठीत धरून लपायचं, एवढाच मार्ग तिला उरतो.

तिचा जन्म खाडीतला नव्हे. पोटाशी अंडी घेतलेली मादी बाहेर समुद्राकडे जाते, कारण अळ्यांना खारं पाणीच लागतं. लाखो अंड्यांतून निघालेली झोइया अळी पाच अवस्थांतून जाते, मग मेगालोपा होते आणि साधारण महिन्याभराने त्यातून चार मिलिमीटरच्या आसपासचा इवलासा खेकडा बाहेर पडतो. खेकड्याचं रूप येईपर्यंत सहा वेळा कात टाकून झालेली असते! पुढे कांदळवनाच्या मुळांत आणि चिखलात ही पिल्लं वाढतात. सुरुवातीला काही दिवसांच्या अंतराने कात पडते आणि दर वेळी रुंदी पावपट किंवा त्याहूनही जास्त वाढते. अंग मोठं होत जातं तसं हे अंतर आठवड्यांवर आणि मग महिन्यांवर जातं.

कात टाकण्याची तयारी बरेच दिवस आधी सुरू होते. खाणं तुटतं. जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम अंगात परत ओढलं जातं आणि आत नवं, पातळ, सुरकुतलेलं कवच तयार होतं. मोठी अडचण नांग्यांची. बोट सुजलं की अंगठी अडकते, तसा नांगीतला जाड स्नायू तिच्या अरुंद सांध्यात अडकला असता. म्हणून तो आधीच झडून बारीक होतो. मग पाठीचं कवच मागच्या कडेला उकलतं आणि खेकडा उलट्या पावली बाहेर सरकतो. डोळ्यांवरचं, कल्ल्यांवरचं आवरण, इतकंच काय, जठरातले दातसुद्धा जुन्या कवचाबरोबर मागे राहतात. पूर्वी तुटलेल्या पायाच्या जागी आलेला कोंब याच वेळी उलगडून पाय होतो. बाहेर आलेलं पिल्लू पाणी शोषून फुगतं आणि त्या फुगलेल्या मापावर नवं कवच कडक होतं. पाण्याची जागा मांसाने भरायला मात्र पुढे बरेच दिवस लागतात.

बाजारात ‘पोकळ’ निघणारी चिंबोरी बहुधा हीच. चिंबोरी अमावास्येला भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, असं किनाऱ्यावर सांगतात. पोकळपणा खरा आहे. पण सगळ्या चिंबोऱ्या एकाच तिथीला कात टाकत नाहीत, त्यामुळे एकाच टोपलीत दोन्ही निघतात. तिथीपेक्षा पायांच्या बुडाशी, पोटाकडून अंगठ्याने दाबून पाहणाऱ्या कोळणीचा अंदाज मला जास्त भरवशाचा वाटतो.

कात केव्हा टाकायची, याची एक किल्ली डोळ्याच्या देठात असते. 1905 मध्ये चार्ल्स झेलेनी यांनी एका जातीच्या खेकड्यांचे डोळ्यांचे देठ काढले, तेव्हा ते लवकर कात टाकू लागले. देठातून कात रोखणारं संप्रेरक स्रवतं, हे पुढे कळलं. कात घडवून आणणारी ‘वाय’ ग्रंथी 1953 मध्ये गाब यांनी दाखवून दिली.

ऋतूचा हात यात मोठा आहे. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातला निळा खेकडा हिवाळ्यात तळाच्या गाळात पडून राहतो आणि पाणी ऊबदार होईपर्यंत त्याची वाढ थांबते. तिथले मच्छीमार त्याच्या वल्ह्यासारख्या मागच्या पायाची कड निरखतात: पांढरट रेघ असेल तर कातीला अवकाश आहे, गुलाबी असेल तर आठवड्याभराची बाब, लाल झाली की एक-दोन दिवसांत कात. आपल्या खाड्या इतक्या गार पडत नाहीत, म्हणून इथे कात वर्षभर चालू राहते. तिचा वेग पाण्याची ऊब, खारेपणा आणि खाद्य यांवर ठरतो. पावसात शेताच्या बांधावर दिसणाऱ्या गोड्या पाण्यातल्या मुठ्यांची तऱ्हा निराळी. त्यांना मोकळ्या पाण्यातली अळी-अवस्थाच नसते; खेकड्याचं पूर्ण रूप आलेली चिमुकली पिल्लं आईच्या पोटाखालूनच बाहेर पडतात.

कात टाकलेल्या पिल्लाचा मोठा वैरी त्याचाच भाऊबंद. कडक कवचाचे खेकडे मऊ खेकड्यांना खातात. खेकडापालनात म्हणूनच पाइपांचे तुकडे, विटा किंवा वेगवेगळे डबे ठेवावे लागतात. या पालनाचं मी स्वागत करतो, पण बीज, म्हणजे वाढवायची पिल्लं, खाडीतूनच उचलायचं असेल तर ही शेती खाडीच रिकामी करील. तामिळनाडूत सिरकाळीच्या राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्राने उबवणीतून बीज तयार करून दाखवलं आहे. पुढे जायचं तर त्याच वाटेने. आणि आपण घेणाऱ्यांनीही एक करावं: तळहातात मावणारी पिल्लं आणि मऊ अंगाची चिंबोरी विकत घेऊ नये. गिऱ्हाईक नसेल, तर जाळ्यात आलेलं पिल्लू पुन्हा पाण्यात सोडायला कोळी बांधवांनाही जड जाणार नाही.