डॅम्पर की माउंटिंग? कारणाचा शोध, बॉनेटखाली

मागच्या व्याख्यानात आपण कार्यकारणभाव पाहिला. कार्यक्रम संपल्यावर एक तरुण माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मडकं आणि कुंभार समजलं. पण माझा प्रश्न वेगळा आहे. माझी गाडी मी थोडी ट्यून केली आहे. आता पहिल्या गिअरमध्ये जोरात सोडली की इंजिन उसळतं, पुढची चाकं थडथडतात. एक जण म्हणतो डॅम्पर लाव, दुसरा म्हणतो माउंटिंग बदल. मी काय करू?"

तिथे दोन मिनिटांत मी त्याला उत्तर दिलं नाही. आज देतो. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, गॅरेजचा नव्हे, हे मान्य. पण या प्रश्नाने मला एकदा खंबाटकी घाटात दोन तास उभं केलेलं आहे, त्यामुळे थोडा अधिकार आहे. तो किस्सा नंतर सांगतो.

आधी इंजिन हलतं का, ते बघू. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. इंजिन चाकाला एका दिशेने पिळतं, तेव्हा तेवढ्याच जोराने ते स्वतः उलट्या दिशेने पिळलं जातं. हा पीळ किती मोठा असतो, याची आपल्याला कल्पना नसते. समजा इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण साडेतीन, डिफरन्शियलचं चार. गुणाकार करा: २८०० न्यूटन-मीटर. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. त्यामुळे हा सगळा पीळ माउंटिंगनाच सोसावा लागतो. अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला साडेपाचशे किलोहून अधिक वजन टांगल्यासारखं झालं हे! इंजिन उभं आणि डिफरन्शियल मागच्या धुरीवर असेल, तर त्या चारचा गुणाकार माउंटिंगपर्यंत येत नाही. म्हणून हा प्रश्न पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत जास्त सतावतो.

मग इंजिन घट्ट बोल्टने का आवळत नाहीत? पूर्वी बऱ्याच गाड्यांत तसंच करत. पण मग इंजिनाची सगळी थरथर बसणाऱ्याच्या हाडांत उतरायची. १९३१ मध्ये अमेरिकेत प्लायमाउथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' नावाची रचना आली. इंजिन रबरावर तोललं, त्याला थोडं डोलू दिलं. फ्रान्सच्या सित्रोएनने ती कल्पना लगेच परवान्याने घेतली. तेव्हापासून माउंटिंगकडे दोन परस्परविरोधी कामं आहेत: इंजिनाला धरून ठेवायचं आणि त्याची थरथर आत येऊ द्यायची नाही. धरायचं तर कडक हवं, थरथर अडवायची तर मऊ हवं. कारखान्यातून येणारं माउंटिंग म्हणजे या दोघांतली तडजोड असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माउंटिंग आणि डॅम्पर एकमेकांचे पर्याय आहेत असं आपण धरून चालतो. पण ती दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. माउंटिंगचं रबर विचारतं, "किती हललास?" जितकं अंतर जास्त, तितका विरोध जास्त. डॅम्पर म्हणजे छोटा शॉकअप. एक टोक इंजिनाला, दुसरं बॉडीला. तो विचारतो, "किती वेगाने हललास?" वेग शून्य, तर त्याचा विरोधही जवळजवळ शून्य.

घरातलं उदाहरण घ्या. दाराला आपण क्लोजर लावतो, दार धाडकन आपटू नये म्हणून. पण बिजागरी निखळली असेल तर क्लोजर दार सावरील का? नाही. दार वाकडं होईल, फक्त सावकाश वाकडं होईल. तसंच, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून चढ चढत आहात, पीळ सतत आहे. अशा वेळी डॅम्पर इंजिनाला जागेवर धरू शकत नाही. इंजिन जिथपर्यंत झुकायचं तिथपर्यंत झुकतंच, थोडं उशिरा पोचतं इतकंच.

मग डॅम्पर निरुपयोगी का? अजिबात नाही. चाक पकडतं, सुटतं, पुन्हा पकडतं, त्या तालावर इंजिनही पुढेमागे झुलू लागतं आणि दोघं मिळून ती थडथड वाढवतात. अशी आंदोलनं शमवणं हे डॅम्परचं खरं काम. गिअर बदलताना, ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना बसणारा झटकाही तो कमी करतो. आणि मूळ मऊ माउंटिंग तशीच ठेवता येत असल्याने रोजच्या वापरातला आराम बराचसा टिकतो. बराचसा म्हणतो, कारण बॉडीला जोडलेली कुठलीही नवी दांडी थोडी थरथर आत आणतेच. शिवाय त्याचा ब्रॅकेट ज्या बोल्टवर बसवतात, तो बोल्ट मुळात या ओढीसाठी बनवलेला असतोच असं नाही.

आता कडक माउंटिंग. पॉलियुरेथेनची मिळतात, शर्यतीच्या गाड्यांत थेट ॲल्युमिनियमचीही असतात. इंजिन कमी हलतं, गिअर नेमका पडतो, पायाचा हुकूम चाकाला चटकन कळतो. पण किंमत काय? थोडं गणित करू, घाबरू नका. समजा मूळ माउंटिंगवर इंजिन स्वतःच्या लयीत सेकंदाला १० वेळा डोलतं. माउंटिंग चौपट कडक केली की ही लय दुप्पट होते, म्हणजे २०. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं चालू असेल, तर त्यात सेकंदाला २० वेळा ज्वलन होतं. वीस आणि वीस! झोपाळ्याला नेमक्या लयीत धक्का दिला की काय होतं? सिग्नलला उभ्या गाडीत डॅशबोर्ड खडखडतो, आरसा थरथरतो आणि मागे बसलेली आजी विचारते, "अरे, गाडीला ताप आलाय का?" शर्यतीच्या मैदानावर इंजिन इतक्या कमी फेऱ्यांवर क्वचितच असतं. आपण मात्र पुण्याच्या रहदारीत निम्मा वेळ तसेच असतो.

या दोहोंच्या मधला एक रस्ता आहे. बऱ्याच आडव्या इंजिनांना खालून किंवा वरून एक छोटी दांडी असते, तिला टॉर्क रॉड म्हणतात. १९५९ च्या मूळ मिनीतही इंजिनाच्या वरच्या भागापासून मागच्या पत्र्यापर्यंत अशी दांडी होती आणि तिचे रबरी बुश झिजले की गाडी सुटताना झटके देई. या दांडीवर इंजिनाचं वजन फारसं नसतं, तिचं मुख्य काम पीळ सोसणं. म्हणून फक्त तिचा बुश थोडा कडक केला, तर कमी खर्चात बराच फरक पडतो आणि वजन पेलणारी माउंटिंग मऊच राहतात.

आता घाटातली गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या जुन्या गाडीत सुटताना 'ठक्' असा आवाज यायचा. मी एका गॅरेजमध्ये गेलो आणि म्हणालो, "हा आवाज बंद करा." त्या माणसाने कुठलासा डॅम्पर जुगाडून लावला. आवाज जवळजवळ गेला. मी खूष. दोन महिन्यांनी खंबाटकीच्या चढावर आतून मोठा आवाज झाला. आधीच फाटलेलं माउंटिंग पूर्ण सुटलं, इंजिन कलंडलं, रेडिएटरचा पाइप ओढला जाऊन निघाला आणि सगळं पाणी रस्त्यावर. मी आणि पत्नी कडेला उभे, शेजारून ट्रक जाताहेत. ती एवढंच म्हणाली, "आवाज का येतो, ते विचारायचं होतं." आयुष्यभर मी वर्गात कारण आणि लक्षण यांतला फरक शिकवला होता, बरं का! गॅरेजवाल्याला दोष देणं सोपं आहे. पण मी जे मागितलं, तेच त्याने दिलं. तो आवाज मला सावध करत होता, मीच त्याचं तोंड बंद केलं.

हे माझ्यासारख्या एकट्याचं झालं असं समजू नका. १९६५ ते १९६९ या काळातल्या शेव्हरोले गाड्यांत माउंटिंगचं रबर सुटत असे. इंजिन एका बाजूने उचललं जाई, त्याबरोबर ॲक्सिलरेटरची जोडणी ओढली जाई आणि गाडी आपोआप वेग घेऊ शके. ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची नळीही निघू शकत होती. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उपाय काय केला? इंजिन ठरावीक अंतरापलीकडे उचललं जाऊ नये म्हणून एक तारेचा दोर बसवला. लक्षात घ्या, त्यांनी अंतर बांधलं, वेग नाही. कारण तिथे धोका अंतराचा होता.

तर त्या तरुणाला माझं उत्तर असं. आधी आहे ती माउंटिंग तपास. रबराला चिरा आहेत का, तेल भरलेलं माउंटिंग असेल तर ते पाझरतंय का, ते बघ. जाणकार मेकॅनिकसमोर बॉनेट उघडून, ब्रेक दाबून, थोडा भार देऊन इंजिन किती उठतं ते पाहू दे. मात्र गाडीच्या पुढे कुणीही उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. माउंटिंग फाटलं असेल तर वाद संपला, नवं मूळ माउंटिंग बसव आणि पुन्हा चालवून बघ. निम्म्या वेळा प्रश्न तिथेच मिटेल. ती धड असूनही इंजिन फार झुकत असेल, तर टॉर्क रॉडचा बुश कडक कर. झुकणं आटोक्यात आहे पण झुलणं थांबत नाही, तर डॅम्पर लाव. गाडी मुख्यतः ट्रॅकवरच जाणार असेल, तरच सगळी माउंटिंग कडक कर.

आणि एका वेळी एकच बदल. न्यायदर्शनात अन्वय-व्यतिरेक म्हणतात ना: हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं. माउंटिंग, डॅम्पर आणि टायर एकाच दिवशी बदललेस, तर गाडी कशामुळे सुधारली हे तुला कधीच कळणार नाही. कुंभाराच्या गाढवालाही मडक्याचं श्रेय देऊन बसशील.

पुढच्या वेळी अनुमानाकडे वळू. तो तरुण आज आला असेल, तर जाताना मला भेटावं. माउंटिंग बघितलं का, एवढंच विचारायचं आहे.