फॉरमॅट मारू नका, थांबा!

मुलांनो, एका रविवारी सकाळीच ताईचा फोन आला. आवाज अगदी रडवेला.

"अरे, कॉम्प्युटर गेला! दुकानवाला म्हणतोय, फॉरमॅट मारावा लागेल. आईच्या ओव्या त्याच्यातच आहेत रे!"

फॉरमॅट मारणं म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसून पाटी कोरी करणं. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या ताईने मोबाइलवर टिपल्या आणि मग कॉम्प्युटरवर नेऊन ठेवल्या होत्या. तो मोबाइल केव्हाच मोडीत गेला. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"ताई, कोणालाही हात लावू देऊ नकोस. मी आलोच," असं म्हणून मी पायांत चपला सरकवल्या.

जाऊन पाहतो तर काय, कॉम्प्युटर सुरू होत होता. गेमही चालत होता. पण एखादा फोल्डर उघडून फाइलवर राइट क्लिक केलं, की चाक गरगर फिरायचं आणि खिडकी गडप! खालची टास्कबारची पट्टीसुद्धा गायब. थोड्या वेळाने पट्टी परत यायची. पुन्हा क्लिक केलं की पुन्हा तेच.

नववीतला भाचा कोपऱ्यात गप्प बसला होता.

"काय केलंस रे?"

"काही नाही मामा. आपोआपच झालं."

दोस्तांनो, कॉम्प्युटरच्या बाबतीत 'आपोआप' हा शब्द फार फसवा असतो बरं का!

ग्रंथपाल आणि पुस्तकं

आधी एक गोष्ट समजून घेऊ. शाळेच्या वाचनालयात पुस्तकं कपाटात असतात आणि ती काढून देणारे ग्रंथपाल टेबलापाशी बसतात. एके दिवशी ग्रंथपालांना ताप आला, तर कपाटातली पुस्तकं नाहीशी होतात का? नाही ना!

विंडोजमधला फाइल एक्सप्लोरर हा असाच ग्रंथपाल आहे. १९९० सालच्या विंडोज ३.० मध्ये हे काम 'फाइल मॅनेजर' नावाचा प्रोग्रॅम करायचा. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं आणि त्याची जागा एक्सप्लोररने घेतली. फोल्डरच्या खिडक्या तोच दाखवतो; डेस्कटॉप आणि टास्कबारही तोच सांभाळतो. म्हणून तर तो कोसळला की पट्टीही जाते!

या ग्रंथपालाची एक सवय आहे. तो बाहेरच्या मदतनिसांना आपल्याच टेबलाशी बसू देतो. फाइल लहान करणारं एखादं सॉफ्टवेअर घातलं, की राइट क्लिकच्या यादीत त्याची एक ओळ येते, हे तुम्ही पाहिलं असेल. ती ओळ दाखवणाऱ्या तुकड्याला शेल एक्स्टेन्शन म्हणतात. बहुतेक वेळा तो डीएलएल प्रकारच्या फाइलमध्ये असतो आणि एक्सप्लोररच्या पोटात शिरूनच काम करतो. मदतनीस चांगला असेल तर ठीक. पण त्याला चक्कर आली, तर तो ग्रंथपालालाही घेऊन पडतो!

शेवटचं काय बदललं?

मी भाच्याच्या शेजारी जाऊन बसलो. "हे बघ, मी ओरडणार नाही. शेवटचं काय बदललंस तेवढं सांग. ते कळलं तर आजीच्या ओव्या वाचतील."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याने फाइल लहान करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर घातलं होतं. ते सारखं जाहिराती दाखवायला लागलं. वैतागून त्याने त्याचं फोल्डरच डिलीट केलं. एक फाइल काही जाईना. 'ही फाइल वापरात आहे' असा संदेश आला. याने 'स्किप' दाबलं आणि झोपायला गेला.

इथेच तर मेख होती! न गेलेली ती फाइल म्हणजेच एक्सप्लोररच्या पोटात बसलेला मदतनीस. त्याचं बाकीचं सामान गेलं, तो मात्र राहिला. विंडोजची एक मोठी नोंदवही असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. तिच्यातही त्याचं नाव तसंच होतं. राइट क्लिक झालं की एक्सप्लोरर वही बघून त्याला हाक मारायचा. तो आपलं सामान शोधायचा, ते सापडायचं नाही, की दोघेही धाडकन खाली!

आधी ओव्या, मग दुरुस्ती

दुरुस्तीला हात घालण्याआधी मी कमांड प्रॉम्प्ट उघडला. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून हुकूम द्यायचे, ती ही खिडकी. ती एक्सप्लोररच्या मदतीशिवाय चालते. ओव्यांच्या फोल्डरपाशी जाऊन डी-आय-आर ही तीन अक्षरं टाइप केली. सगळ्या फाइलींची नावं झरझर खाली उतरली. एकही कमी नाही! 'कॉपी' हा हुकूम देऊन त्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. पेन ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला आणि पहिली फाइल सुरू केली.

खोलीत आईचा आवाज घुमला. ताईने डोळ्यांना पदर लावला. भाचा म्हणाला, "मामा, आता काहीही होऊ दे!"

निम्मे निम्मे

आता दुरुस्ती. प्रथम मी विंडोजची स्वतःची तपासणी करून पाहिली. 'एसएफसी स्कॅननाऊ' असा तिचा हुकूम आहे. उत्तर आलं, काही दोष नाही. असं कसं? अहो, विंडोज फक्त आपल्या घरच्या फाइली तपासतं. बाहेरच्या मदतनिसाचं नाव त्या हजेरीपटावर नसतंच!

मग मी नीर सोफर यांचं 'शेलएक्सव्ह्यू' हे मोफत साधन घेतलं. ते सगळ्या मदतनिसांची यादी दाखवतं आणि त्यांना न पुसता नुसतं बंद करता येतं. मायक्रोसॉफ्टचे नसलेले वेगळ्या रंगात दिसतात. आमच्याकडे असे १६ निघाले. दोन-तीन नावांवर संशय होता. पण नुसत्या नावावरून चोर धरायचा नाही!

"मामा, आता एकेक बंद करून बघायचं? १६ वेळा?"

"छे! निम्मे बंद कर."

त्याने आठ बंद केले. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, त्यातलं 'विंडोज एक्सप्लोरर' निवडलं आणि 'रीस्टार्ट' दाबलं. राइट क्लिक केलं, तर यादी उघडली! म्हणजे चोर बंद केलेल्या आठांत. त्यातले चार पुन्हा सुरू केले, की संशयित उरले चार. मग दोन. मग एक. चार फेऱ्यांत चोर सापडला आणि तो भाच्याच्याच सॉफ्टवेअरचा निघाला. यादीत १०२४ नावं असती, तरी दहाच फेऱ्या लागल्या असत्या. कशा, ते वहीवर मांडून बघा!

शेवटचं काम उलटं वाटेल. तेच सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं त्यांच्याकडूनच आणून पुन्हा घातलं, म्हणजे हरवलेलं सामान जागेवर आलं. मग सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत जाऊन ते रीतसर अनइन्स्टॉल केलं आणि कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. या वेळी जाताना त्याने नोंदवहीतलं आपलं नावही पुसलं. मग बंद ठेवलेले बाकीचे मदतनीस पुन्हा सुरू केले. राइट क्लिक! यादी झटकन उघडली.

एवढं लक्षात ठेवा

सॉफ्टवेअर काढायचं ते अनइन्स्टॉल करूनच. फोल्डर डिलीट करणं म्हणजे भाडेकरूचं सामान रस्त्यावर टाकणं. दारावरची पाटी तशीच राहते. रजिस्ट्रीत हाताने खाडाखोड करू नका. एका वेळी एकच बदल करा. जी फाइल गेली तर रडू येईल, तिची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा. आणि कोणी 'फॉरमॅट मारा' म्हटलं, तर आधी विचारा, माझ्या फाइली कुठे आहेत आणि त्यांची प्रत घेतली का?

आईबाबांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलाने चूक कबूल केली, तर त्या क्षणी रागावू नका. आमची निम्मी दुरुस्ती भाच्याने खरं सांगितलं तिथेच झाली होती.

त्या संध्याकाळी भाच्याने एक चिठ्ठी लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवली: 'शेवटचं काय बदललं?' ती अजून तिथेच आहे. ओव्यांच्या मात्र आता तीन प्रती आहेत. त्यातली एक माझ्या घरी.