जीर्ण ब्रेस्ट इम्प्लांट : काढावे, बदलावे की राहू द्यावे? – निर्णयाचे निकष आणि दुर्गम भागातील स्त्रीचा प्रश्न

प्रस्तावना :

मानवी शरीरात कृत्रिम अवयव बसविण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने विकसित झाले. डोळ्यातील भिंग, हृदयाची झडप, पेसमेकर, खुब्याचा व गुडघ्याचा सांधा या वस्तू आज सर्वसामान्य कुटुंबांच्याही परिचयाच्या झाल्या आहेत. स्तनाच्या जागी किंवा स्तनाच्या आकारवृद्धीसाठी बसविले जाणारे सिलिकॉनचे इम्प्लांट हे याच मालिकेतील एक साधन होय. कर्करोगामुळे स्तन गमवावा लागलेल्या स्त्रीला पूर्ववत देहाकृती मिळवून देणे हा त्याचा एक महत्त्वाचा उपयोग आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. त्यामुळे हा विषय केवळ महानगरातील सौंदर्यशस्त्रक्रियेपुरता मर्यादित मानणे योग्य ठरणार नाही.

इम्प्लांट बसवावे की नाही, यावर बरीच चर्चा होते. मात्र बसविलेले इम्प्लांट दहा, पंधरा किंवा वीस वर्षांनी जुने झाल्यावर त्याचे काय करावे, याविषयी मराठीत फारसे लेखन आढळत नाही. प्रस्तुत लेखात या निर्णयाचे वैद्यकीय निकष स्पष्ट केले असून, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातील काठी या सातपुड्यातील गावाच्या संदर्भात ते कितपत लागू पडतात, याचाही विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

स्तनाची पुनर्रचना करण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न १८९५ मध्ये जर्मनीतील शल्यविशारद विन्सेंट्स चेर्नी यांनी केला. त्यांनी रुग्णाच्याच शरीरातील चरबीची गाठ स्तनाच्या जागी बसविली होती. सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या शल्यविशारदांनी बसविले. सुरक्षिततेविषयी शंका निर्माण झाल्यामुळे १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकॉन जेल इम्प्लांटच्या वापरावर कडक निर्बंध घातले. आवश्यक अभ्यासानंतर २००६ मध्ये दोन कंपन्यांच्या इम्प्लांटना पुन्हा मान्यता देण्यात आली. ही मान्यता देताना आणि त्यानंतरही या प्रशासनाने एक गोष्ट वारंवार स्पष्ट केली आहे. ती अशी की, ब्रेस्ट इम्प्लांट हे आयुष्यभर टिकणारे साधन नव्हे.

इम्प्लांट जीर्ण होते म्हणजे काय?

इम्प्लांटचे दोन भाग असतात : सिलिकॉन रबराचे बाह्य आवरण आणि आतील भरण. भरण सिलिकॉन जेलचे किंवा मिठाच्या पाण्याचे असते. कालांतराने आवरणाला घड्या पडतात व त्या जागी घर्षण होऊन ते झिजते. जेलमधील सूक्ष्म द्रव्य आवरणात मुरत राहिल्यामुळेही त्याची बळकटी कमी होते.

मिठाच्या पाण्याचे इम्प्लांट फाटले तर स्तन काही दिवसांत बसतो आणि दोष लगेच लक्षात येतो. ते पाणी शरीरात निरुपद्रवीपणे शोषले जाते. जेल घट्ट असल्यामुळे सिलिकॉनचे इम्प्लांट मात्र फाटूनही जागेवरच राहते. स्त्रीला वेदना होत नाही, डॉक्टरांच्या हातालाही फरक जाणवतोच असे नाही. अशी मूक फूट केवळ सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. तपासणीतच दिसून येते. म्हणून २०२१ मध्ये अमेरिकी प्रशासनाने सिलिकॉन इम्प्लांट असलेल्या, कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांनीही पहिली तपासणी शस्त्रक्रियेनंतर ५ ते ६ वर्षांनी आणि त्यानंतर दर २ ते ३ वर्षांनी करावी, अशी शिफारस केली.

दुसरा बदल शरीराकडून घडतो. परकी वस्तू आत येताच शरीर तिच्याभोवती तंतुमय पेशीजालाचे वेष्टन तयार करते. ही प्रक्रिया स्वाभाविक आहे. परंतु काही स्त्रियांमध्ये हे वेष्टन आवळत जाते, स्तन कठीण होतो, त्याचा आकार बिघडतो व वेदना सुरू होतात. वैद्यकात याच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये सहसा उपचाराची गरज नसते. तिसरीत स्तन कठीण व विरूप होतो आणि चौथीत वेदनाही असते. कर्करोगासाठी किरणोपचार झालेल्या स्त्रियांमध्ये हे आवळणे अधिक प्रमाणात आढळते.

अमेरिकी प्रशासनाने २०११ मध्ये मांडलेल्या आढाव्यानुसार, इम्प्लांट बसविल्यापासून दहा वर्षांच्या आत आकारवृद्धीसाठी शस्त्रक्रिया केलेल्या पाचांपैकी एका स्त्रीला, तर पुनर्रचनेसाठी शस्त्रक्रिया केलेल्या दोघींपैकी एकीला इम्प्लांट काढावे लागू शकते. याचाच अर्थ कर्करोगातून वाचलेल्या स्त्रीपुढे हा प्रश्न अधिक लवकर व अधिक वेळा उभा राहतो.

काढणे केव्हा आवश्यक ठरते?

'दर दहा वर्षांनी इम्प्लांट बदललेच पाहिजे' अशी समजूत सर्वत्र आढळते. तिला शास्त्रीय आधार नाही. इम्प्लांटचे वय हे तपासणीचे कारण आहे. केवळ वय हे शस्त्रक्रियेचे कारण नव्हे. तपासणीत इम्प्लांट अभंग असेल, वेष्टन मऊ असेल आणि स्त्रीची तक्रार नसेल, तर ते राहू देणे व नियमित तपासणी करीत राहणे हा पूर्णपणे ग्राह्य पर्याय आहे.

पुढील परिस्थितीत मात्र काढण्याचा विचार करावा लागतो :

१) सिलिकॉन इम्प्लांट फाटल्याचे निश्चित झाल्यास. जेल वेष्टनाबाहेर पसरून काखेतील गाठींपर्यंत पोहोचू शकते आणि मग ते काढणे अधिक कठीण होते.

२) वेष्टन तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीपर्यंत आवळले असल्यास.

३) जंतुसंसर्ग झाल्यास किंवा इम्प्लांट त्वचेतून बाहेर डोकावू लागल्यास.

४) शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटून गेल्यावर अचानक सूज आल्यास अथवा इम्प्लांटभोवती द्रव साचल्यास. या द्रवाची तपासणी तातडीने करणे अत्यावश्यक आहे.

चौथ्या मुद्द्याचे स्पष्टीकरण आवश्यक आहे. इम्प्लांटभोवतीच्या वेष्टनात क्वचित एक विशिष्ट लसिकाकर्करोग, म्हणजे लिम्फोमा, उद्भवतो. हा स्तनाचा कर्करोग नसून प्रतिकारसंस्थेतील पेशींचा कर्करोग आहे व तो प्रामुख्याने खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी निगडित आहे. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी प्रशासनाने जगभरातील ५७३ रुग्ण व ३३ मृत्यूंची नोंद जाहीर केली. त्यांपैकी ४८१ रुग्णांमध्ये ॲलरगन कंपनीचे इम्प्लांट होते. परिणामी या कंपनीने आपली खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. तथापि, ज्या स्त्रियांना कोणतीही लक्षणे नाहीत त्यांनी केवळ भीतीपोटी ती काढून घ्यावीत, असे प्रशासनाने सांगितले नाही. हा आजार विरळ आहे आणि लवकर निदान झाल्यास इम्प्लांट व संपूर्ण वेष्टन काढून बहुतांश रुग्ण बरे होतात, हे त्यामागचे कारण होय.

याशिवाय थकवा, सांधेदुखी, विस्मरण अशा तक्रारी अनेक स्त्रिया इम्प्लांटशी जोडतात. त्यांचे निश्चित निदान करणारी चाचणी उपलब्ध नाही. इम्प्लांट काढल्यावर काहींना आराम पडल्याचे नोंदले गेले आहे. अशा तक्रारी मनाचे खेळ म्हणून झटकून टाकणे जितके अयोग्य, तितकेच काढल्यावर सर्व काही बरे होईल असे आश्वासन देणेही अयोग्य होय.

काढावे की बदलावे?

काढण्याचा निर्णय झाला, तरी नवे बसवावे काय हा स्वतंत्र प्रश्न उरतो. व्यवहारात हे दोन्ही प्रश्न बहुधा एकत्रच विचारले जातात आणि त्यामुळे रुग्णाचा गोंधळ होतो.

नवे इम्प्लांट बसविल्यास देहाकृती कायम राहते. परंतु कालगणना पुन्हा शून्यापासून सुरू होते. पस्तिसाव्या वर्षी इम्प्लांट घेतलेल्या स्त्रीने ते पन्नासाव्या वर्षी बदलले, तर पासष्टीच्या सुमारास तोच प्रश्न पुन्हा उभा राहण्याची शक्यता असते. त्या वयात मधुमेह, रक्तदाब यांसारख्या विकारांमुळे भूल देण्याची जोखीमही वाढलेली असते. पुन्हा पुन्हा होणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये गुंतागुंतीचा धोका पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक असतो.

न बदलता केवळ काढल्यास नियतकालिक तपासणीचे ओझे संपते. मात्र ताणलेली त्वचा सैल पडते आणि पुनर्रचना झालेल्या स्त्रीच्या छातीची ती बाजू सपाट होते. तिसरा पर्याय स्वतःच्या पोटावरील किंवा पाठीवरील स्नायू, त्वचा व चरबी वापरून स्तन घडविण्याचा आहे. ही शस्त्रक्रिया मोठी असते, बरे होण्यास अधिक काळ लागतो; पण ऊती स्वतःच्याच असल्याने त्या जीर्ण होऊन बदलण्याचा प्रश्न राहत नाही.

एकच दोष, दोन निर्णय :

हा निर्णय केवळ तांत्रिक नसतो, हे फ्रान्समधील पीआयपी प्रकरणावरून स्पष्ट होते. या कंपनीने वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक वापराचे सिलिकॉन भरल्याचे मार्च २०१० मध्ये उघडकीस आले. डिसेंबर २०११ मध्ये फ्रान्स सरकारने सुमारे ३० हजार स्त्रियांना खबरदारी म्हणून इम्प्लांट काढून घेण्याचा सल्ला दिला. काढण्याचा खर्च शासनाने उचलला. नवे बसविण्याचा खर्च मात्र कर्करोगानंतर पुनर्रचना झालेल्या स्त्रियांपुरताच. ब्रिटनमध्ये ब्रूस कीओ यांच्या समितीने २०१२ मध्ये असे नमूद केले की, ही इम्प्लांट इतरांच्या तुलनेत २ ते ६ पट अधिक फाटतात. पण आरोग्यास दीर्घकालीन धोका असल्याचा पुरावा नाही. म्हणून तेथे सरसकट काढण्याचा सल्ला देण्यात आला नाही. स्त्रीने डॉक्टरांशी चर्चा करून ठरवावे, अशी भूमिका घेण्यात आली. एकाच वस्तूविषयी दोन प्रगत देश वेगवेगळ्या निष्कर्षांवर आले, कारण किती अनिश्चितता सहन करावी याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही.

भारतीय अनुभव : नोंदीचे महत्त्व

आपले इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, कोणत्या पृष्ठभागाचे व कोणत्या वर्षी बसविलेले आहे, हे ठाऊक नसल्यास वरील कोणताही निकष लावता येत नाही. भारतात याचा धडा खुब्याच्या सांध्याच्या प्रकरणातून मिळाला. डिप्यू कंपनीने आपला एएसआर हा सदोष सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईत या प्रकरणी पोलिसांत तक्रार नोंदविली. केंद्र सरकारच्या समितीने २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात दाखवून दिले की, भारतात झालेल्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांपैकी साधारण ३,६०० रुग्णांचा मागच लागला नाही. साधन सदोष असल्याचे जगाला कळले. ज्यांच्या शरीरात ते होते त्यांच्यापर्यंत मात्र ती माहिती पोहोचू शकली नाही.

वैद्यकीय साधनांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात जुलै २०१५ मध्ये सुरू झाला आणि वैद्यकीय साधन नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. तरीही रुग्णाच्या हाती असलेले इम्प्लांट कार्ड आणि शस्त्रक्रियेचा कागद यांना पर्याय नाही.

काठीच्या संदर्भात :

राजवाडी होळीमुळे सर्वदूर परिचित असलेले काठी हे गाव सातपुड्याच्या डोंगररांगांत, मोलगी परिसरात वसले आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे २०२० मध्ये सुरू झाले. या भागातील स्त्रीवर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मुंबई, नाशिक वा सुरत येथे झाली व तेथे पुनर्रचनेचा पर्याय तिच्यासमोर ठेवला गेला, अशी कल्पना केल्यास निकषांचा क्रम बदलतो. दर दोन-तीन वर्षांनी होणारी तपासणी शहरातील स्त्रीसाठी अर्ध्या दिवसाचे काम असते. काठीच्या स्त्रीसाठी ती घाटरस्त्याचा प्रवास, बुडालेली मजुरी, सोबतीला येणाऱ्याचा खाडा आणि मुक्कामाचा खर्च असते. मूक फूट तपासणीविना कळत नाही आणि तपासणी अंतरामुळे होत नाही. अशा स्थितीत 'राहू द्यावे व लक्ष ठेवावे' हा कागदावर सर्वांत सौम्य दिसणारा पर्याय प्रत्यक्षात 'राहू द्यावे व लक्ष ठेवू नये' असा होऊन बसतो.

म्हणून अंतर हा घटक गैरसोयीच्या सदरात न टाकता वैद्यकीय निकष म्हणूनच मोजला पाहिजे. एम.आर.आय.चा आग्रह धरण्याऐवजी जवळच्या शहरात सोनोग्राफी करणे, ती कर्करोगाच्या नियमित फेरतपासणीच्या दिवशीच उरकणे, किंवा नवे इम्प्लांट न घेता ते केवळ काढणे अथवा स्वतःच्या ऊतींचा पर्याय निवडणे, हे मार्ग तिच्यासमोर आरंभीच ठेवायला हवेत. शिवाय ही चर्चा तिला समजणाऱ्या भाषेत, भिल्ली वा पावरी बोलीत, होणे आवश्यक आहे. प्रमाण मराठीतील संमतिपत्रावर घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

निष्कर्ष :

१) जीर्ण इम्प्लांटसाठी कोणतीही ठरावीक मुदत नाही, वयानुसार तपासणी व दोषानुसार शस्त्रक्रिया हे तत्त्व ग्राह्य आहे.

२) उशिरा आलेली सूज, आकारातील अचानक बदल व काखेतील गाठ यांकडे कधीही दुर्लक्ष करू नये.

३) काढणे आणि बदलणे हे दोन स्वतंत्र निर्णय असून ते स्वतंत्रपणेच विचारले जावेत.

४) इम्प्लांट कार्डाची प्रत रुग्णाकडे व कुटुंबातील आणखी एका व्यक्तीकडे असावी.

५) तपासणी केंद्रापर्यंतचे अंतर लक्षात घेऊन पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच पुढील वीस वर्षांचा विचार व्हावा.

शरीर स्त्रीचे असते, त्यामुळे अंतिम निर्णयही तिचाच असला पाहिजे. तो तिला घेता यावा यासाठी लागणारी माहिती तिच्या गावापर्यंत व तिच्या बोलीत पोहोचविणे ही वैद्यकक्षेत्राइतकीच दुर्गम भागातील महाविद्यालयांचीही जबाबदारी ठरते.