अजब बंगला : गुंगेरियाचे तांबे आणि देवटेकचा दगड

नागझिऱ्याच्या जंगलाकडची मंडळी कामाकाजासाठी नागपूरला जातात, तेव्हा कोर्टकचेरी होते, दवाखाना होतो, सीताबर्डीवर खरेदी होते. वेळ उरला तर पोरांना घेऊन ‘अजब बंगला’ बघायचा, अशी जुनी रीत आहे. पेंढा भरलेला वाघ, पक्षी, तलवारी, जुन्या मूर्ती पाहून पोरे खूश होतात. पण या बंगल्यात आपल्याच मुलखाची मिळकत जपून ठेवलेली आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आज त्याच मिळकतीविषयी थोडे बोलू.

अजब बंगल्याचे सरकारी नाव मध्यवर्ती संग्रहालय. त्याची स्थापना १८६३ साली झाली. मध्यप्रांत हा नवा प्रांत तेव्हा नुकताच, म्हणजे १८६१ साली, बनला होता आणि सर रिचर्ड टेंपल हे त्याचे चीफ कमिशनर होते. भंडारा, बालाघाट, चांदा, नागपूर हा सारा मुलूख त्या एका प्रांतात होता. म्हणून या मुलखात जे जे सापडले, त्यातले बरेचसे नागपूरला आले. प्राणी-पक्षी, खनिजे, जीवाश्म, मूर्ती, शिलालेख, शस्त्रे, आदिवासींच्या वापरातल्या वस्तू आणि चित्रे असे नाना विभाग इथे आहेत. सगळे एका दिवसात पाहू गेलात तर डोके गरगरेल. म्हणून आपण दोनच वस्तू घेऊ.

पहिली गोष्ट तांब्याची. गोंदियाच्या उत्तरेला लागूनच बालाघाट जिल्हा आहे. तिथल्या गुंगेरिया गावाजवळ १८७० साली गुरे चारणाऱ्या दोन पोरांना, आपल्याकडे ज्यांना ढोरकी म्हणतात त्यांना, जमिनीतून धातूचा एक तुकडा वर आलेला दिसला. त्यांनी उकरायला सुरुवात केली, तर आणखी तुकडे निघाले. पुढे नीट खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे हाती आले. नुसत्या तांब्याचेच वजन ८२९ पौंड, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ३७६ किलो! त्यात चपट्या कुऱ्हाडी होत्या, सब्बलीसारखी लांब हत्यारे होती. चांदीचे काही पत्रे तर बैलाच्या शिंगांसह डोक्याच्या आकाराचे होते. हा साठा साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. आज त्यातल्या काही वस्तू नागपूरला आहेत, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

आता विचार करा. ते तांबे मोडीत घातले असते तर काय झाले असते? भंडाऱ्याकडे भांडी घडविणारे कुशल कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तांब्याची किंमत कोणाला ठाऊक नाही? भट्टीत वितळून त्याचे हंडे झाले असते, चार दिवस घरात पैसा खेळला असता आणि चार हजार वर्षांची साक्ष धुरासारखी उडून गेली असती. लोखंड हाती येण्याआधी या जंगलमुलखात इतके तांबे आणि चांदी बाळगणारी माणसे होती, हे आपल्याला कळलेच नसते.

दुसरी वस्तू म्हणजे एक दगड. तो चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडच्या बाजूला असलेल्या देवटेक गावचा. या एकाच दगडावर दोन लेख आहेत. नागपूरचे थोर पंडित डॉ. वा. वि. मिराशी यांनी ते वाचून त्यांचा अर्थ लावला. जुना लेख अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. कोणी प्राण्यांना पकडू नये, मारू नये, अशी त्यात आज्ञा आहे. पुढे पाचसहाशे वर्षांनी वाकाटक राजा रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा लेख त्याच दगडावर कोरला गेला आणि त्यात जुनी काही अक्षरे गेली. म्हणजे जुन्याची नासधूस अडाण्याच्याच हातून होते असे नाही. राजाच्या कारागिराकडूनही ती होते.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा हे काहीतरी नवीनच आहे, असे कित्येकांना वाटले असेल. पण अहो, तशी आज्ञा याच झाडीच्या मुलखात बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली होती! ही गोष्ट मुलांना सांगून बघा, आपल्या जंगलाकडे ती वेगळ्या नजरेने पाहू लागतील.

संग्रहालयातल्या वस्तूची खरी किंमत तिच्या धातूत नसते. ती कुठे सापडली, कशासोबत सापडली, किती खोल होती, या माहितीत असते. गुंगेरियाची एकच कुऱ्हाड बाजारात कुठे मिळाली असती, तर ती नुसती जुनी कुऱ्हाड ठरली असती. गाव, जागा आणि सोबतच्या वस्तू ठाऊक आहेत म्हणूनच तिला इतिहास आहे.

तेव्हा नांगरताना, विहीर खणताना किंवा तळ्याचा गाळ काढताना नाणी, ताम्रपट, कोरीव दगड लागला, तर घासूपुसू नका, वाटून घेऊ नका. जागा आहे तशी ठेवा आणि तलाठ्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर कळवलेच पाहिजे, असे १८७८ चा कायदा सांगतो. शोधणाऱ्याच्या आणि जमीनमालकाच्या हक्काचा विचारही त्यात आहे. खरे सांगायचे म्हणजे लपवण्यातच धोका आहे.

गुरुजींना एक विनंती. सहल नेलीत तर मुलांना सगळ्या दालनांतून पळवू नका. एकेका मुलाला एकेक वस्तू वाटून द्या. ती कुठली, कशाची, कशासाठी, हे त्याने वहीत उतरवावे आणि परत आल्यावर वर्गाला सांगावे. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. सकाळी निघालेला वर्ग रात्री घरी येतो.

आणि येताना एवढे जरूर सांगा, की गुंगेरियाचा तो ठेवा कोणा पंडिताने शोधला नव्हता. तो शोधला तुमच्याच वयाच्या, गुरांमागे फिरणाऱ्या दोन पोरांनी.