आधी गोळा, मग आग

अमेरिकी सैन्याने १९८०च्या दशकात ‘सिमनेट’ नावाची व्यवस्था उभारली. रणगाड्याच्या आतल्या भागासारख्या खोक्यांत सैनिक बसत, समोर पडद्यावर रणभूमी दिसे आणि दूरच्या तळांवरचे सैनिकही संगणकांच्या जाळ्यातून त्याच लढाईत उतरत. गंमत अशी, की रणगाडा आपली जागा क्षणोक्षणी कळवत नसे. शेवटचा कळलेला वेग धरून इतर संगणक ती अंदाजाने पुढे सरकवत. अंदाज फार चुकू लागला तरच नवा निरोप सुटे.

पुढे निरनिराळ्या लोकांनी रचलेली अशी सिम्युलेशन्स एकत्र जोडायची वेळ आली. त्यासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९०च्या दशकात ‘हाय लेव्हल आर्किटेक्चर’ आखले. २००० साली ते आयईईई १५१६ हे मानक झाले. भाग घेणारा प्रत्येक जण ‘फेडरेट’, आणि मधला कारभारी ‘रनटाइम इन्फ्रास्ट्रक्चर’. मी कलाशाखेचा पदवीधर. मला तो मुशायऱ्याच्या सूत्रसंचालकासारखा वाटतो. स्वतः गझल म्हणायची नाही, पण कुणी केव्हा म्हणायची हे त्याच्या हाती.

खरे दुखणे वेळेचे आहे. निरोप वाटेत रेंगाळतात. रणगाडा पेटल्याची वर्दी आधी आली आणि गोळा सुटल्याची नंतर, तर शिकणारा सैनिक काय धडा घेणार? म्हणून प्रत्येक फेडरेट वचन देतो: ‘माझ्या घड्याळापुढच्या इतक्या वेळातली कोणतीही घटना मी आता पाठवणार नाही.’ सगळ्यांची वचने पाहून कारभारी एकेकाला पुढे सरकू देतो. वचन तुटपुंजे असले, की सारा संघ गोगलगाय होतो. या विचाराचा पाया १९७९ साली मणी चंडी आणि जयदेव मिश्रा या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांनी घातला.

डेव्हिड जेफरसन यांनी १९८५ साली उलटी वाट मांडली: थांबू नका, धावा, उशिराचा निरोप आला तर मागे फिरा आणि पाठवलेले निरोप रद्द करणारे निरोप त्यांच्या मागे सोडा. (म्हटलेला शेर असा परत घेता आला असता तर!) मात्र छपाईसारखी, मागे न घेता येणारी कामे तिथेही थांबून राहतात. सगळ्यांची घड्याळे तो क्षण ओलांडून गेली आणि वाटेतही जुना निरोप उरला नाही, की मगच ती होतात.