घड्याळाने मोजलेला तारा

जानेवारीत जेवणे आटोपल्यावर गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजापासून थोडा वर अगस्ती ठळक दिसतो. त्याच्या उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, चित्रफलक नावाचा अगदी फिकट तारकासमूह आहे. तिथे, आपल्यापासून सुमारे ५१० प्रकाशवर्षांवर, एक मेलेला तारा सेकंदाला जवळजवळ १७४ गिरक्या घेतो आहे. फिरता फिरता ठोक्यांसारखे रेडिओ झोत पाठवणाऱ्या अशा न्यूट्रॉन ताऱ्याला स्पंदक म्हणतात. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या स्पंदकांमध्ये हा आपला सर्वांत जवळचा ज्ञात शेजारी.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने तो १९९३ मध्ये हुडकला. नाव रुक्ष आहे: जे०४३७-४७१५. वस्तुमान सूर्याच्या १.४ पट, पण आकार एखाद्या शहराएवढा. हा आकार नेमका किती, हा मात्र अवघड प्रश्न होता. शेजारी असला तरी इतक्या दूरचा इवलासा गोळा कोणत्याही दुर्बिणीला ठिपक्यापलीकडे दिसत नाही. फूटपट्टी लावायला कडाच नाहीत.

म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी फूटपट्टीऐवजी घड्याळ वापरले. स्पंदकाच्या पृष्ठभागावर चुंबकीय ध्रुवांपाशी लाखो अंश तापलेले डाग असतात आणि त्यांतून क्ष-किरण निघतात. अंधारात फिरणाऱ्या भोवऱ्यावर निखारा चिकटवला तर तो समोर येताना उजळेल, मागे जाताना विझेल. इथे मात्र तो पुरता विझत नाही. ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण इतके प्रबळ, की पाठीमागच्या डागाचे किरणही वाकून आपल्यापर्यंत पोचतात. तेवढ्याच वस्तुमानाचा तारा जितका लहान, तितके किरण जास्त वाकतात आणि उजेडातला चढउतार तितका सौम्य होतो. शिवाय तारा जितका मोठा, तितका त्याच्या विषुववृत्ताचा वेग जास्त, आणि आपल्याकडे येणारा डाग तितका अधिक प्रखर भासतो. चढउताराच्या आलेखात असा ताऱ्याचा आकार दडलेला असतो.

क्ष-किरण पृथ्वीचे वातावरण अडवते, म्हणून हे काम अवकाशातूनच करावे लागते. 'नासा'चे नायसर हे उपकरण २०१७ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर बसवलेले आहे. गंमत म्हणजे ते चित्र काढतच नाही. क्ष-किरणाचा एकेक कण आला, की त्याची ऊर्जा आणि वेळ टिपते. वेळेतली चूक सेकंदाच्या एक कोट्यांश भागाहूनही कमी. मग प्रत्येक कण गिरकीच्या कोणत्या क्षणी निघाला ते पाहून कोट्यवधी गिरक्या एकावर एक रचल्या जातात आणि एकाच गिरकीचा स्पष्ट आलेख हाती येतो.

चित्र न काढण्याचा तोटा या ताऱ्याच्या बाबतीत भोवला. आकाशात त्याच्या अगदी लगत एका दूरच्या दीर्घिकेचे तेजस्वी केंद्र आहे. आलेला कण ताऱ्याचा की त्या शेजाऱ्याचा, हे नायसरला सांगता येत नाही. त्यामुळे शेजाऱ्याचा उजेड कमी यावा म्हणून नेम मुद्दाम किंचित बाजूला धरावा लागला.

आलेखावरून आकार काढायचा, तर वस्तुमानही ठाऊक हवे. तो वजनाचा काटा मात्र रेडिओवाल्यांकडे होता. या स्पंदकाला एक श्वेत बटू जोडीदार असून दोघांची एक प्रदक्षिणा पावणेसहा दिवसांत पुरी होते. स्पंदक जोडीदाराच्या पलीकडे गेला, की त्याचे ठोके जोडीदाराच्या गुरुत्वाकर्षणामुळे क्षणाच्या बारीकशा अंशाने उशिरा पोचतात. पार्क्सच्या दुर्बिणीने अनेक वर्षे हे ठोके मोजले आणि त्यातून वस्तुमान मिळाले. नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी दुर्बीणही गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी याच ताऱ्याचे ठोके टिपते.

वस्तुमान एकीकडून, आलेख दुसरीकडून. खगोलशास्त्रज्ञ देवर्षी चौधुरी आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये दोन्ही जुळवले, तेव्हा त्रिज्या निघाली सुमारे ११.४ किलोमीटर, बहुधा १०.७ ते १२.३ च्या दरम्यान. म्हणजे चर्चगेटहून सुटलेली लोकल अंधेरी सोडून जोगेश्वरीला पोचायच्या आतच ताऱ्याचा व्यास संपतो.

किलोमीटरभराच्या फरकासाठी एवढा खटाटोप का? ताऱ्याच्या गाभ्यातले द्रव्य अणुकेंद्रापेक्षाही दाट दाबलेले असते, आणि तसे द्रव्य कोणत्याही प्रयोगशाळेत साठवून तपासता येत नाही. ते ताठ असेल तर तारा फुगीर राहतो; न्यूट्रॉन विरघळून त्यांच्यातले क्वार्क नावाचे मूलकण मोकळे झाले, तर द्रव्य मऊ पडून तारा आक्रसू शकतो. ११.४ हा आकडा फार ताठ द्रव्याच्या सिद्धांतांना अडचणीत आणतो. गाभ्यात नक्की काय आहे, याचा निकाल एका ताऱ्यावर लागणार नाही. पण निरनिराळ्या वजनांचे आणखी काही तारे असेच मोजले, तर ज्या द्रव्याला हात लावणे अशक्य, त्याचा ताठपणा केवळ ठोके मोजून कळेल.